प्रयोगशाळेतील चिकट द्रावण आणि मोळीची माती



मागे आपल्या गटातील काही सभासद कारखाना पाहायला आले होते. प्रयोगशाळेत काचेची सहा पात्रे ओळीने मांडलेली होती. सांडपाण्याच्या गढूळ नमुन्यात केमिस्टनी एका चिकट द्रावणाचे थोडे थेंब टाकले, ढवळले, आणि पाहता पाहता गाळ तळाशी बसून वर निवळ पाणी राहिले. तेव्हा एका वयस्कर सभासदांनी रोखठोक विचारले, "साहेब, चार थेंबांत माती खाली बसतीया, मग आमच्या मोळीच्या मातीवरनं तुमची माणसं का भांडत्यात?" प्रश्न बिनतोड होता. उभ्या उभ्या पुरे उत्तर देता आले नाही, म्हणून हे चार शब्द.

त्या द्रावणाचे नाव पॉलीडॅडमॅक. हा पाण्यात विरघळणारा धनभारित पॉलिमर आहे. पॉलिमर म्हणजे एकाच प्रकारच्या बारीक कड्या जोडून झालेली लांबच लांब साखळी. याच्या प्रत्येक कडीवर विजेचा धन भार असतो. पाणी आम्ल असो वा अल्कली, हा भार टिकून राहतो, हा त्याचा मोठा गुण. 1950 च्या दशकात अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात जॉर्ज बटलर यांनी या जातीच्या साखळ्या बनविण्याची रीत शोधली. आज तो मुख्यतः पाणी शुद्धीकरणात व कागद गिरण्यांत वापरला जातो.

तो माती कशी बसवतो? आपल्या काळ्या जमिनीतील चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. म्हणूनच ती अमोनिया आणि पोटॅश धरून ठेवते, आणि नायट्रेट मात्र पाण्याबरोबर वाहून जाते. हेच कण पाण्यात गेले की सारखा भार असल्यामुळे एकमेकांना दूर लोटतात, आणि पाणी दिवसेंदिवस गढूळ राहते. धन भाराची साखळी त्यांना चिकटली की भार मिटतो, कण एकत्र येतात, जड होऊन खाली बसतात. घरी रांजणात तुरटी फिरवतो तेव्हा हेच घडते. फरक इतकाच, की पॉलिमर फार थोडा लागतो आणि गाळ कमी होतो.

मात्र इथे "जादा टाकला तर जादा गुण" हा हिशेब चालत नाही. मात्रा वाढली की कणांवर उलट धन भार चढतो आणि बसलेला गाळ पुन्हा तरंगू लागतो. सहा पात्रे असतात ती याचसाठी. प्रत्येकात वेगळी मात्रा घालून नेमकी कोणती लागू पडते ते पाहतात.

प्रयोगशाळेत याचा दुसरा उपयोग भार मोजण्यासाठी होतो. नमुन्यात हे द्रावण मोजून जरा जादा घालतात. उरलेला भाग ऋणभारित द्रावणाने मिटवीत जातात. टोल्युइडिन ब्लू या रंगाचा निळा जाऊन जांभळट आला की मोजणी संपली. तिसरा उपयोग जीवशास्त्रात. काचेवरही ऋण भार असतो, म्हणून पॉलीलायसिनसारख्या धनभारित पॉलिमरचा लेप दिलेल्या काचपट्टीवर पेशी घट्ट बसतात, धुतल्या तरी सुटत नाहीत.

आता उसाच्या रसाकडे वळू. रसाला चुना दिला, तापवला, की चुन्यामुळे कण आधीच गोळा होऊ लागतात. त्यांना बांधायला तिथे ऋणभारित, फार लांब साखळीचा पॉलिमर घालतात. गुऱ्हाळात रानभेंडीचा चिकट रस घालून मळी काढतात, त्याचाच हा कारखानी भाऊ म्हणा. धनभारित पॉलिमर साखर शुद्धीकरणात रंगद्रव्ये काढायला आणि सांडपाण्याचा गाळ घट्ट करायला उपयोगी पडतो.

मग मूळ प्रश्न. पॉलिमर माती खाली बसवतो हे खरे, पण ती नाहीशी करत नाही. माती आधी काट्यावर उसाच्या भावात तोलली जाते, मग मिलचे रोलर झिजवते, आणि शेवटी प्रेसमडमध्ये जाताना आपल्याबरोबर साखरही घेऊन जाते. जितकी माती जास्त, तितका प्रेसमड जास्त आणि तितकी साखर बाहेर. शिवाय ऊस तोडून दोन-तीन दिवस फडात पडला, तर त्यातली साखर मोडते आणि जंतूंमुळे डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ तयार होतो. मोडलेली साखर कोणताही पॉलिमर परत आणून देत नाही.

हा तोटा कुणाचा? 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये एफआरपी ठरविली, आणि त्यावर उतारा 0.1 टक्का वाढला की 3 रुपये 46 पैसे जादा. म्हणजे टनाला 34 रुपये 60 पैसे! उतारा साऱ्या कारखान्याचा मिळून धरतात. एकाच्या मोळीची माती सगळ्यांच्या खिशातून जाते.

तेव्हा एवढे करावे:

1. तोडणीपूर्वी दोन-तीन आठवडे पाणी बंद ठेवावे. ओल्या फडात मोळ्या ओढू नयेत.
2. ऊस जमिनीलगत तोडावा, पण मुळ्या व माती झटकूनच मोळी बांधावी. वाढे आणि पाचट मोळीत नको.
3. तोडलेला ऊस 24 तासांत काट्यावर यावा. गाडी अडली तर गट कार्यालयाला लगेच कळवावे. तिथे दिरंगाई आमची असेल, तर ती आम्ही निस्तरू.

आणखी एक. असले द्रावण कुणी विहिरीसाठी वा शेततळ्यासाठी विकायला आणले तर घेऊ नये. धनभारित पॉलिमर माशांच्या कल्ल्यांना चिकटतो, आणि मासे गुदमरून मरतात. मोजमापाशिवाय ते वापरण्याची वस्तू नाही.

त्या सभासदांना आमचे उत्तर एवढेच, की दादा, प्रयोगशाळेत माती बसवता येते, पण ती फडातच राहिली तर तुमचेही पैसे वाचतात आणि आमचेही भांडण.

— ऊस विकास अधिकारी