कट्यारीची अस्सलता : खरेदीपूर्व परीक्षेचा क्रम

जुने शस्त्र विकत घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘हे खरोखर जुने आहे काय?’ असा असतो. प्रश्न स्वाभाविक असला तरी तो अपुरा आहे. एखाद्या कट्यारीचे पाते सतराव्या शतकातील, मूठ अठराव्या शतकातील, मुठीवरील सोन्याचे काम एकोणिसाव्या शतकातील आणि पात्यावरील लेख गेल्या दहा-वीस वर्षांतील असू शकतो. अशा वस्तूस सरसकट ‘जुनी’ म्हणणे जसे चुकीचे, तसेच सरसकट ‘बनावट’ म्हणणेही चुकीचे ठरते. हस्तलिखित पोथीत मूळ संहिता, नंतरच्या वाचकाची दुरुस्ती आणि समासातील भर ही निरनिराळ्या हातांची असतात व संपादकास ती वेगळी काढावी लागतात. शस्त्राच्या परीक्षकाचे कामही याच जातीचे आहे. प्रत्येक अंगाची साक्ष स्वतंत्रपणे घ्यावी, नंतर त्या साक्षींचा मेळ बसतो की नाही ते पाहावे, आणि कोरलेल्या अक्षरांची साक्ष सर्वांत शेवटी घ्यावी, हे या परीक्षेचे मुख्य सूत्र होय.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. संग्रहात एकदा दाखल झालेली वस्तू पुढे पुरावा बनते. तिच्यावरील लेख प्रबंधात उद्धृत होतो, तिच्या आकारावरून जुन्या कागदांतील शब्दांचे अर्थ ठरवले जातात आणि तिच्याशी तुलना करून दुसऱ्या वस्तूंचा काळ निश्चित केला जातो. एका खोट्या कट्यारीमुळे अशा रीतीने अनेक खरे कागद चुकीचे वाचले जाण्याचा संभव असतो.

१. नाव

आज शस्त्रांच्या बाजारात ‘कटार’ या नावाने जी वस्तू ओळखली जाते, तिची मूठ रोमन एच अक्षराच्या घाटाची असते. दोन समांतर पट्ट्या मनगटाच्या दोन्ही बाजूंनी मागे येतात, त्यांच्यामधील आडव्या दांड्या मुठीत धरल्या जातात आणि पाते हाताच्या सरळ रेषेत पुढे येते. त्यामुळे वार ठोशासारखा बसतो. मात्र या रूपाचे जुने नाव निश्चितपणे हेच होते, असे म्हणता येत नाही. ‘आईन-इ-अकबरी’त जमधर आणि कटारा ही दोन शस्त्रे वेगळी नोंदलेली आहेत. ठोशाने वापरावयाच्या शस्त्राचे खरे नाव जमधर असून, लॉर्ड एगर्टन यांच्या १८८० च्या सूचिग्रंथात नावांची अदलाबदल झाली व तीच पुढे रूढ झाली, असे मत जी. एन. पंत यांनी मांडले आहे. जमधर शब्दाची यमधार आणि यमदंष्ट्रा अशा दोन्ही दिशांनी व्युत्पत्ती सुचवली जाते. कट्यार, हिंदी कटार, तमिळ कट्टारी आणि संस्कृत कोशांतील ‘कट्टार’ हे शब्द परस्परसंबद्ध असले, तरी ते सर्व प्रदेशांत व सर्व काळांत एकाच घाटाचे वाचक होते असे गृहीत धरता येणार नाही.

खरेदीच्या दृष्टीने याचा परिणाम महत्त्वाचा आहे. विक्रेता एखाद्या घराण्याची जुनी यादी दाखवतो आणि तीत ‘कट्यार एक’ अशी नोंद असते. ही नोंद समोरच्या वस्तूचीच आहे, हे केवळ नावावरून सिद्ध होत नाही. लांबी, वजन, मुठीचे काम किंवा म्यानाचा रंग यांपैकी काही तपशील जुळल्यावाचून नाव आणि वस्तू यांची सांगड घालू नये.

२. घडण

अस्सल कट्यार ही लढाईसाठी घडवलेली असते व तिचा उपयोग तिच्या घडणीत दिसतो. पात्याचे टोक बहुधा मुद्दाम जाड ठेवलेले असते. साखळ्यांच्या चिलखतात घुसून कड्या तोडण्यास असे टोक उपयोगी पडते. पात्याच्या मध्यावर उंच कणा किंवा खोलगट पन्हळी असतात व त्यांमुळे वजन न वाढता बळकटी येते. मुठीजवळ, मध्यावर व टोकापाशी अशा तीन ठिकाणी पात्याची जाडी मोजावी. जाडी सर्वत्र सारखी आढळल्यास पाते घडवलेले नसून तयार पत्र्यातून कापलेले असण्याची शंका येते. आडव्या दांड्यांवर बोटे टेकतात तेथे झीज अधिक आणि बाजूच्या पट्ट्यांच्या बाहेरील अंगावर कमी असावयास हवी. जेथे हात कधीच लागत नाही तेथेही सारखीच झीज असेल, तर ती वापराने आलेली नव्हे.

सांध्यांची पाहणी भिंगाखाली करावी. जुने पाते मुठीच्या पट्ट्यांना रिवेट ठोकून, तापवून घडाईने किंवा पितळी डाग देऊन जोडलेले असते. पितळी डागाची पिवळसर रेषा अनेकदा नुसत्या डोळ्यांनीही दिसते. सांध्यावर विजेच्या जोडकामाचे मणी दिसल्यास तो जोड आधुनिक होय. त्यावरून संपूर्ण वस्तू खोटी ठरत नाही, परंतु जोडलेले दोन भाग मुळात एकत्र होते काय, हा प्रश्न मात्र उभा राहतो. गंजाचेही असेच आहे. जुना गंज गडद तपकिरी वा काळसर, पृष्ठभागाला घट्ट चिकटलेला आणि विषम असतो. पाणी, मीठ वा आम्ल यांनी घाईने आणलेला गंज नारिंगी, भुरभुरीत आणि सर्वत्र सारखा पसरलेला दिसतो.

दोन कैचीसारखी पाती उघडून आत तिसरे दाखवणाऱ्या, किंवा बाजूच्या पट्ट्यांवर पिस्तुले बसवलेल्या कट्यारींच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. असे प्रकार प्रायः उत्तरकालीन असून त्यांत युद्धोपयोगापेक्षा कौतुकाचा भाग मोठा आहे. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आले असता संस्थानिकांनी त्यांना नजर केलेल्या शस्त्रांत जुन्यांबरोबर नव्याने करवून घेतलेलीही शस्त्रे होती. अशा वस्तू खऱ्या आहेत, परंतु त्या रणांगणाच्या नव्हेत, दरबाराच्या होत.

३. पोलाद आणि सोने

लाटांसारखी नक्षी असलेल्या, ‘जौहर’दार पोलादाला बाजारात मोठी किंमत येते. मुशीत वितळवून केलेल्या या दक्षिणी पोलादास इंग्रजीत ‘वुट्झ’ म्हणतात. मुंबईहून लंडनला गेलेल्या नमुन्यांवर जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला, त्यात हा शब्द आला. त्याचा उगम कन्नड ‘उक्कु’ या शब्दात असल्याचे सामान्यतः मानले जाते. खऱ्या पोलादातील नक्षी धातूच्या अंगभूत रचनेतून येते. म्हणून जेथे घणाखाली धातू दबला वा ताणला गेला, तेथे तीही वळते व दाटते. आम्लाने वरवर उठवलेली नक्षी कणा, पन्हळी आणि धार यांची पर्वा न करता कागदी चित्रासारखी सर्वत्र सारखी पसरलेली असते. निरनिराळ्या पत्र्यांचे थर एकत्र घडवून आणलेली नक्षी ही तिसरी जात. ती कुशल कारागिरीची असू शकते, पण तिला मुशीच्या पोलादाचे नाव व मोल देता येत नाही.

सोन्याच्या कामाचीही अशीच पारख करावी. कोफ्तगरीत लोखंडावर प्रथम बारीक उभ्या-आडव्या रेघा मारून पृष्ठभाग खरखरीत करतात आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात. म्हणून जेथे सोने झिजून गेले आहे तेथे त्या रेघांची जाळी उघडी पडते. झिजलेल्या जागी लोखंड गुळगुळीत आढळल्यास ते काम कोफ्तगरी नव्हे. तो साधा मुलामा असून बहुधा विजेने चढवलेला असण्याचा संभव आहे. कोफ्तगरी खरी असूनही पात्याहून कितीतरी अर्वाचीन असू शकते. जुन्या साध्या शस्त्रावर नवे सोने चढवून किंमत वाढवण्याची प्रथा ध्यानात ठेवावी.

४. लेख

खरेदीदाराचा सर्वाधिक विश्वास लेखावर असतो. वस्तुतः तीच सर्वांत दुबळी साक्ष होय. पाते घडवणे दुष्कर आहे, अक्षरे कोरणे सुकर आहे. म्हणून प्रथम लेखाचे वाचन न करता त्याच्या खोदाईचे निरीक्षण करावे. अक्षराच्या खाचेचा तळ भोवतालच्या पृष्ठभागाइतकाच काळवंडलेला असावा. गंजाच्या खड्ड्यावरून जर अक्षराची रेघ जात असेल, तर गंज आधीचा आणि अक्षर नंतरचे, हे उघड आहे. छिन्नीने कोरलेल्या रेघेत ठोक्यांच्या पायऱ्या दिसतात, तर फिरत्या यंत्राने कोरलेली रेघ गोलसर तळाची व एकसारखी असते. बिकानेरच्या शस्त्रागारातील शस्त्रांवर नागरी अक्षरे बारीक ठिपके ठोकून लिहिलेली आढळतात. तशा खुणा असल्याचा दावा असेल, तेव्हा ठिपक्यांची खोली व अंतर हातकामाप्रमाणे थोडेफार विषम आहे की नाही ते पाहावे.

यानंतर भाषा आणि लिपी यांकडे वळावे. अशुद्ध लेखन हे खोटेपणाचे लक्षण नव्हे, उलट अतिशुद्धता हीच अनेकदा शंकास्पद ठरते. राजस्थानी व हिंदी लेखनात ‘ख’च्या जागी ‘ष’ येणे ही जुनी रीत आहे, आणि ती माहीत नसलेला आधुनिक बनावटकार आजच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे लिहून जातो. युरोपीय पात्यांच्या बाबतीतही हेच दिसते. ‘आंद्रेआ फेरारा’ हे बेल्लुनोच्या सोळाव्या शतकातील कारागिराचे नाव पुढे जर्मनीतील झोलिंगेनच्या कारागिरांनी निर्यातीच्या पात्यांवर सर्रास उठवले व त्याची वर्णरचना नाना प्रकारे बदलली. असे नाव मूळ कारागिराची ग्वाही देत नाही, पण त्यातील चुकीवरून पाते आधुनिक ठरवणेही योग्य नाही.

कालोल्लेखाची परीक्षा गणिताने करता येते. राज्याभिषेक शक १६७४ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याआधीच्या काळातील म्हणून दाखवलेल्या शस्त्रावर तो येऊ शकत नाही. शालिवाहन शकासोबत संवत्सर दिले असल्यास, दक्षिणी पद्धतीत शकाच्या अंकात १२ मिळवून ६० ने भागावे. उरलेली बाकी हा प्रभवापासूनचा क्रमांक होय. (बाकी शून्य आल्यास साठावे संवत्सर समजावे.) शके १५९६ मध्ये १२ मिळवले की १६०८ होतात व बाकी ४८ उरते. अठ्ठेचाळिसावे संवत्सर आनंद, आणि राज्याभिषेकाच्या वर्षाचे संवत्सरही आनंदच आहे. उत्तरेकडील बार्हस्पत्य गणनेने मात्र नाव वेगळे येते. म्हणून लेख कोणत्या प्रदेशाचा आहे हे ठरवल्यावरच हा नियम लावावा.

५. मालकीची परंपरा

वस्तू कोणाकडून कोणाकडे आली याची साखळी जितकी अखंड, तितकी ती विश्वासार्ह. तंजावरच्या शस्त्रागाराचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे निपुत्रिक वारल्यावर ते राज्य खालसा झाले. पुढे १८६३ च्या सुमारास तेथील शस्त्रांपैकी काही मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेली आणि फार मोठा साठा मोडीच्या भावाने निकालात निघाला. त्यातून वाचलेल्या कट्यारी आज देशोदेशींच्या संग्रहांत आहेत. या घटनेमुळे ‘तंजावरची’ हे विशेषण मौल्यवान झाले आणि कागदपत्रांच्या अभावी ते कोणत्याही दक्षिणी कट्यारीस लावणे सोपेही झाले. तेथील प्रसिद्ध कट्यारींपैकी हातावर पानाच्या वा शिडाच्या आकाराची ढाल असलेला प्रकार विजयनगर व नायक काळाचा आहे. तो भोसले राजांच्या शस्त्रागारात जतन झाला, म्हणून त्यास ‘मराठा कट्यार’ म्हणणे म्हणजे मालकाला निर्माता समजणे होय.

६. निर्णय

या सर्व साक्षी घेतल्यावर ‘खरे’ वा ‘खोटे’ असा एकाक्षरी निकाल देण्यापेक्षा वस्तू चारपैकी एका वर्गात घालावी : सर्व अंगे एककालीन, अंगे निरनिराळ्या काळांची पण सर्व जुनी, जुन्या अंगावर नवे अलंकरण वा लेख, आणि संपूर्ण नवी प्रतिकृती. दुसऱ्या वर्गातील वस्तू कमी योग्यतेची मानू नये. मोडलेल्या परदेशी तलवारीचे पाते देशी मुठीत बसवलेली कट्यार ही त्या काळच्या व्यापाराची व काटकसरीची प्रत्यक्ष नोंदच असते. तिसऱ्या वर्गातील वस्तू विकत घेतली तरी लेख ग्राह्य धरू नये आणि नोंदवहीत तसे स्पष्ट लिहावे. निर्णय होईपर्यंत वस्तूला पॉलिश करू नये, कारण गंज आणि काळेपणा यांबरोबर पुरावाही निघून जातो.

शेवटी कायद्याचा विचार. १९७२ च्या पुरावशेषविषयक केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरते. तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू शतकाहून जुनी असल्याचे शपथेवर सांगणारा विक्रेता आपला परवाना दाखवू शकत नसेल, तर त्याचे म्हणणे खरे असो वा खोटे, व्यवहार न करणेच इष्ट. म्हणणे खरे असल्यास खरेदी बेकायदा ठरेल आणि खोटे असल्यास ती व्यर्थ जाईल.