मोबाइलची लिपी आणि वहीतील मराठी

आजच्या विज्ञानयुगात विद्यार्थ्यांच्या हाती लेखणीपेक्षा मोबाइल अधिक असतो. त्याचा शुद्धलेखनावर परिणाम का होतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

एका एसएमएसमध्ये रोमन लिपीची 160 अक्षरे मावतात. देवनागरीची मात्र 70 चिन्हेच, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटीही मोजली जाते. सुरुवातीच्या अनेक मोबाइलवर तर देवनागरी उमटतच नसे. त्यामुळे मराठी रोमन लिपीत लिहिण्याची सवय जडली. त्या लिपीत 'मला', 'माला', 'मळा', 'माळा' हे चारही शब्द सहसा एकसारखेच लिहिले जातात. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, हा भेदही उरत नाही. वाचणारा संदर्भाने अर्थ लावतो; परंतु लिहिणाऱ्याची ऱ्हस्व-दीर्घाची ओळख पुसट होते. हीच उणीव पुढे उत्तरपत्रिकेत व नोकरीच्या अर्जात दिसते. ज्या घरात शिकणारी पहिलीच पिढी आहे, तेथे ती दाखवून देणाराही नसतो.

मोबाइल टाकून देणे हा यावर उपाय नव्हे. आता त्यावर देवनागरी कळफलक उपलब्ध आहे. विद्यार्थी मित्रांनो, निरोप देवनागरीतच लिहा, पाठविण्यापूर्वी एकदा वाचा आणि रोज दहा ओळी हाताने लिहा. अर्ज तपासणारा आपणास ओळखत नाही. तो आपली लिहिलेली वाक्येच पाहतो.