सरकारी अनुदान कोणास पोंचतें व कोणास पोंचत नाहीं

आमच्या कित्येक आश्रयदात्यांकडून असा प्रश्न येतो कीं, अवर्षणाच्या वर्षीं सरकार शेतकऱ्यांस रोख रकमा देतें, मग निराळ्या फंडाचें प्रयोजन काय? प्रश्न योग्य आहे. म्हणून सरकारी अनुदानाची रीति येथें थोडक्यांत सांगतों.

हें अनुदान दोन प्रकारचें. पहिलें वार्षिक. २०१९ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधि योजनेनें शेतकरी कुटुंबास वर्षाचे ६,००० रुपये, तीन हप्त्यांनीं, थेट बँकेच्या खात्यांत मिळूं लागले. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें तितकीच भर घालण्याचें ठरविलें. दुसरें नैमित्तिक, म्हणजे पीक बुडाल्यावर मिळणारें. नुकसान शेंकडा ३३ किंवा अधिक भरलें तरच तें मिळतें. २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांकरितां केंद्र सरकारनें ठरविलेला दर जिरायतीस हेक्टरीं ८,५०० रुपये, बागायतीस १७,००० व बहुवार्षिक पिकांस २२,५०० असा होता, आणि तोही दोन हेक्टरांपर्यंतच. दोन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या कुटुंबास या दरानें सुमारें ६,८०० रुपये येतात. ही रक्कम पुढील पेरणीच्या खर्चास हातभार म्हणून असते; बुडालेल्या पिकाची किंमत म्हणून नव्हे.

आतां मुख्य मुद्दा. दोन्ही अनुदानें सात-बाराच्या उताऱ्यावर उभीं आहेत. उताऱ्यावर ज्याचें नांव, त्याच्या खात्यांत पैसा. यामुळें तीन प्रकारचीं माणसें बाहेर राहतात.

पहिला बटाईदार. १९४८ च्या कुळकायद्यानें कसणारास हक्क दिले. पण जमीन कुळाकडे जाईल या धास्तीनें अनेक मालक लेखी करार करीत नाहींत. बटाई तोंडीच ठरते. बियाणें बटाईदाराचें, घाम त्याचा, नुकसानही त्याचें. अनुदान मात्र मालकाच्या नांवें. कोणी मालक आपण होऊन वांटा देतो, कोणी देत नाहीं.

दुसरी विधवा स्त्री. पति निवर्तला, पण वारसाची नोंद होऊन फेरफार मंजूर झालेला नाहीं. शेत ती करते, आणि उताऱ्यावर नांव मृताचें किंवा सासऱ्याचें.

तिसरा शेतमजूर. त्याचें शेतच नाहीं, म्हणून त्याचें नुकसान कोणत्याही पंचनाम्यांत चढत नाहीं. पण पीक बुडालें म्हणजे त्याची कापणीची मजुरीही बुडाली.

यांत सरकारास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. लक्षावधि लोकांस पैसा वांटावयाचा तर कांहीं दफ्तर प्रमाण मानावेंच लागतें. नाहीं तर लबाडांचें फावेल. परंतु भूक उतारा पाहून लागत नाहीं.

म्हणून या समितीनें आपल्या फंडाचा पहिला हक्क याच तिघांचा मानला आहे. प्रत्यक्ष कोण कसतो याची चौकशी गांवांत, चारचौघांसमक्ष करावी; बटाईदारास बियाणें मृगापूर्वीं द्यावें, कारण मागाहून दिलेलें बियाणें निरुपयोगी; मजुरांच्या घरीं धान्य पोंचवावें; आणि विधवांस वारसनोंदीचा अर्ज लिहून देऊन तलाठ्याकडे पाठपुरावा करावा, म्हणजे पुढील वर्षीं सरकारी अनुदान त्यांचें त्यांस मिळेल व फंडावरील भार कमी होईल, असें आमचें धोरण आहे.

ज्या ठिकाणीं सरकारचा हात पोंचतो तेथें आपला पैसा खर्चूं नये, आणि जेथें तो पोंचत नाहीं तेथें आपण कमी पडूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे. मृग दूर नाहीं. रोख रक्कम, धान्य, बियाणें, कडबा, जें ज्यास शक्य असेल तें त्यानें सत्वर पाठवावें, अशी सर्वांस नम्र विनंति आहे.