आंबा घाट आणि डिझेलची वही

२०१८ सालच्या मे महिन्याची अखेर. आम्ही रत्नागिरीहून कोल्हापूरकडे परत येत होतो. घरची जुनी डिझेल पिकअप, हौद्यात हापूसच्या पेट्या, दोन पोती नारळ आणि वर ताडपत्री. पुढे मी, मंडळी आणि माझी आई. साखरप्याच्या अलीकडे वाटेत पंप दिसला. मंडळी म्हणाल्या, "अहो, डिझेल घ्यायचं का?" मी काट्याकडे पाहिले. काटा पाव टाकी दाखवत होता. म्हटले, आता मलकापुरातच घेऊ, तिथला पंप ओळखीचा आहे.

घाटाच्या निम्म्यावर, एका वळणाच्या तोंडाशी गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. दिवस मावळला होता. चाकांमागे दगड लावले, मागे वीस पावलांवर झाडाच्या फांद्या टाकल्या. आई सत्तरी ओलांडलेली. तिला उतरवून कठड्याच्या आतल्या बाजूला बसवले, कारण वळणावरून येणारे ट्रक गाडीला अगदी चाटून जात होते.

अर्ध्या तासाने एक ट्रकवाला थांबला. त्याच्याकडच्या कॅनमधले पाच लिटर डिझेल त्याने दिले. मी ते टाकीत ओतले आणि सेल्फ मारला. गाडी उठेना. पुन्हा मारला, पुन्हा मारला. बॅटरी कण्हू लागली. तेव्हा तो म्हणाला, "दादा, सेल्फ मारू नका. एअर धरलीय."

वाचकहो, पेट्रोलची गाडी आणि जुनी डिझेल गाडी यांत इथेच फरक पडतो. पेट्रोल संपले तर बाटलीभर ओतून गाडी बहुधा चालू होते. जुन्या डिझेल इंजिनात मात्र टाकी आटली की नळ्यांत आणि फिल्टरात हवा शिरते. ही हवा दाबली जाते, आणि नोझल उघडण्याइतका दाब पंपाला देता येत नाही. मग टाकीत कितीही डिझेल ओता, इंजिन ढिम्म. हवा बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नसते.

त्या ट्रकवाल्याने काय केले ते मी बॅटरीच्या उजेडात नीट पाहून घेतले. फिल्टरच्या माथ्यावरचा लहान स्क्रू त्याने पान्याने सैल केला आणि मला हातपंप मारायला लावला. आधी नुसती हवा फुसफुसली, मग फेस आला, मग फेसाविना सरळ डिझेल वाहू लागले. वाहतेपणीच त्याने स्क्रू आवळला. तरीही गाडी उठेना, तेव्हा नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांची नटे जराशी ढिली करून सेल्फ मारला, डिझेल उडाले तशी ती आवळली. चौथ्या वेळी इंजिन धडधडले. हे काम करताना जवळ विडी-काडी नको, नळीच्या तोंडाशी हात नको, आणि सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारायचा नाही. मधे बॅटरीला विसावा द्यायचा. आपल्या गाडीचा तो स्क्रू आणि हातपंप कुठे आहे, कितीचा पाना लागतो, हे गावातल्या मेस्त्रीकडून घरी असतानाच शिकून घ्यावे. मी वीस वर्षे गाडी चालवत होतो आणि मला ते ठाऊक नव्हते.

घरी आल्यावर मेस्त्रीला विचारले, पाव टाकी असताना डिझेल संपले कसे? त्याने दोन कारणे सांगितली. एक म्हणजे टाकीतला तरंगता गोळा जुना झाला, काट्यावर भरवसा नाही. दुसरे कारण मला सुचलेच नसते. घाट चढताना गाडीचे तोंड वर होते आणि टाकीतले डिझेल मागे सरकते. आमच्या गाडीत डिझेल ओढणारी नळी टाकीच्या पुढच्या अंगाला आहे. टाकी भरलेली असली तर काही बिघडत नाही. तळाशी थोडे उरले असेल तर चढावर नळीचे तोंड उघडे पडते, आणि डिझेलच्या जागी ती वारा ओढते. म्हणजे टाकीत डिझेल होते, पण कामाचे नव्हते.

त्यातून तळाचे डिझेल कधी ओढू नये हे वेगळेच. जुन्या टाकीच्या बुडाशी गंज, गाळ आणि पाणी बसलेले असते. अर्धी रिकामी टाकी रात्रभर थंडीत उभी राहिली की आतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी टाकीतच उतरते. पावसाळ्याच्या तोंडी फिल्टरखालची पाण्याची चावी सैल करून कपभर द्रव काचेच्या भांड्यात काढून पाहावा. पाणी असले तर खाली बसलेले स्पष्ट दिसते.

त्या रात्रीनंतर मंडळींनी दुधाच्या हिशेबाची एक जुनी वही गाडीत ठेवली. आता आमच्या घरी काट्यावर नाही, वहीवर डिझेल भरतात. रीत सोपी आहे. टाकी पंपाचे नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरायची आणि मीटरचा आकडा लिहायचा. पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरायची. किती लिटर बसले आणि मीटर किती पुढे गेला ते लिहायचे. आमच्या वहीतला एक हिशेब असा: आधी ८४,३१०, नंतर ८४,६२२, डिझेल २६ लिटर. म्हणजे ३१२ किलोमीटरला २६ लिटर, ॲव्हरेज १२. हे रिकाम्या गाडीचे, सपाट रस्त्याचे. भरल्या गाडीने घाट धरला की तेच ॲव्हरेज ९ वर येते.

माझी चूक इथे होती. मी १२ चा हिशेब मनात धरून निघालो होतो. कोल्हापूर ते रत्नागिरी साधारण १३० किलोमीटर, जाऊन-येऊन २६०. शिवाय गणपतीपुळे, बागेकडची फेरी, आणि निघण्याआधी गावात केलेल्या चकरा. आमची टाकी ४५ लिटरची. बाराने गुणले तर ५४० होतात, नवाने गुणले तर ४०५. तळातले ११ लिटर शिवायचे नाहीत असे ठरवले तर उरतात ३४, म्हणजे सुमारे ३०० किलोमीटर. आता मीटर ३०० पुढे गेला की काटा काहीही सांगो, आम्ही भरतो. आणि पुढे घाट असेल तर पायथ्यालाच भरतो, ओळखीचा पंप वर असला तरी.

वहीचा आणखी एक उपयोग झाला. गेल्या हिवाळ्यात ॲव्हरेज १२ वरून १० वर आले. माझ्या लक्षात आले नव्हते, मंडळींनी आकडे पाहून विचारले. एअर फिल्टर उसाच्या पाचटाच्या धुळीने तुंबला होता आणि एका चाकाचा ब्रेक धरून बसला होता. चढाला काळा धूर निघतो तो हेच सांगत असतो: डिझेल जाते आहे, हवा पुरत नाही. चाकांतली हवाही थंड टायरवर, निघण्याआधी पाहावी.

वेगाचे म्हणाल तर पिकअपचे तोंड म्हणजे भिंतच. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ताशी ८० ऐवजी ६० ने गेले तर तो जवळजवळ निम्मा होतो. ताडपत्री फडफडू न देता घट्ट बांधली तर तेवढीच भर.

उताराला न्यूट्रल मारून डिझेल वाचते अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. ती चुकीची आहे, आणि जीवघेणी आहे. गिअरमध्ये असताना पाय काढला की चाकेच इंजिन फिरवतात, आणि पंप डिझेल जवळजवळ तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवायला डिझेल जळतेच, वर सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून सुटतात. इंजिनच बंद केले तर ब्रेकला मिळणारी मदतही दोन-चार दाबांत संपते. ज्या गिअरने घाट चढावा लागेल त्याच गिअरने उतरावे.

पंपावर मीटर शून्यावर आहे ना, हे उतरून पाहावे. माप कमी वाटले तर पाच लिटरचे प्रमाणित माप मागावे. ते पंपावर ठेवावेच लागते आणि त्यात २५ मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. पहाटे भरले तर डिझेल जास्त मिळते हे खरे नाही. टाक्या जमिनीखाली असतात, तिथे ऊन-थंडी फारशी पोचत नाही.

तिकडचा दर कमी असला की आमच्याकडचे बरेच जण सीमेपलीकडे कर्नाटकात जाऊन डिझेल भरतात. वाटेवर असेल तर जरूर भरावे. मुद्दाम जाणार असाल तर आधी वही उघडा. लिटरमागे दोन रुपये वाचले तर ३० लिटरला साठ रुपये होतात. त्यासाठी जाऊन-येऊन ४० किलोमीटर केले, तर बाराच्या ॲव्हरेजने सव्वातीन लिटर डिझेल वाटेतच जळते. शेजारच्या बापूंना मी हा हिशेब लिहून दाखवला. ते म्हणाले, "पण तिकडं गेलं की पाहुण्यांकडं जाणं होतं." त्याला माझ्या वहीत रकाना नाही.