जालन्यातलं स्मार्ट घर: सुरुवात टाकीपासून

जालना शहराला पाणी घाणेवाडी तलावातून आणि पैठणच्या जायकवाडीतून मिळतं, पण नळाला ते रोज येत नाही. म्हणून इथे पहिली खरेदी रंग बदलणाऱ्या दिव्याची नको. पाण्याची पातळी ओळखणाऱ्या मोटर-कंट्रोलरची हवी. टाकी भरली की तो मोटर थांबवतो, हौद आटला तरी थांबवतो. पाणी ओसंडत नाही आणि मोटर कोरडी चालून जळत नाही. शेतात मोबाईलवर चालणारे पंप-स्टार्टर आहेतच, त्यांचंच हे घरगुती भावंड.

मग स्मार्ट प्लग. २००० वॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर ओढतो, तेव्हा ६ अँपिअरचा प्लग धोक्याचा. १६ अँपिअरचाच घ्या. बहुतेक स्वस्त उपकरणं २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात. वीज गेली तरी वाय-फाय चालू राहावं म्हणून राउटरला छोटा यूपीएस जोडा. कॅमेरा, बोलका स्पीकर नंतर बघता येईल.