पवनीचा नाग, चीनचा लोंग

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीवरच्या स्तूपाचं चिनी पॅगोड्यांशी काही नातं आहे का, असं एका वाचकाने विचारलं आहे. विटांचं नातं लांबचं. शब्दांचं मात्र पक्कं आहे.

1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्यातर्फे शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी इथे उत्खनन केलं. त्यात बौद्ध कथेतल्या मुचलिंद नागाचं फणा काढलेलं शिल्प सापडलं, ब्राह्मीत कोरलेल्या नावासकट. भाषा प्राकृत. प्राकृतात स्तूपाला म्हणत थूप, आणि बोलीतल्या अशाच रूपावरून चिनी ‘ता’ आला. त्यासाठी नवं अक्षर घडवावं लागलं. त्यात मातीची खूण आहे. ध्यानाचं बोलीरूप ‘झान’ तिकडे ‘छान’ झालं (हो, अगदी आपल्या ‘छान’सारखं!) आणि जपानात ‘झेन’. ग्रंथांतलं संस्कृत नव्हे, भिक्खूंच्या तोंडची बोली चीनला पोचली होती.

नाग मात्र असा गेला नाही. पाऊसपाण्याचा धनी असलेला लोंग, म्हणजे ड्रॅगन, चीनकडे आधीपासूनच होता. बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरकारांनी नागाला तेच नाव दिलं. आपला बौद्ध आचार्य नागार्जुन तिकडे ‘लोंगशू’ झाला. ‘शू’ म्हणजे झाड. अर्जुनाच्या झाडाखाली त्याचा जन्म झाला, असं भाषांतरकार कुमारजीवाच्या नावावर असलेलं चिनी चरित्र सांगतं. भंडाऱ्याकडे ज्याच्यावर कोसा रेशमाच्या अळ्या पोसतात, तेच हे झाड!

मला सगळ्यांत भावते ती 1923 सालची गोष्ट. चिनी लिपी उच्चार नीट सांगत नाही. मग दीड हजार वर्षांपूर्वीचे उच्चार कळणार कसे? चिनी अभ्यासक वांग रोंगबाओ यांनी जुनी बौद्ध भाषांतरं काढली. बुद्धाला भुलवणाऱ्या ‘मार’साठीचं अक्षर आज ‘मो’ वाचतात, ‘अरहंत’मधल्या ‘र’साठीचं ‘लुओ’, ‘बुद्ध’मधल्या ‘द्ध’साठीचं ‘तुओ’. भारतीय शब्दांत तिन्ही ठिकाणी ‘अ’ किंवा ‘आ’ आहे. एवढे भाषांतरकार एकाच पद्धतीने चुकीचं ऐकणार नाहीत. तेव्हा चिनी अक्षरांतही ‘आ’च असला पाहिजे. उसन्या शब्दांनी चिनी भाषेचा स्वतःचाच हरवलेला स्वर परत मिळवून दिला.

जुन्या चिनी उच्चारांच्या या विषयात स्वीडनच्या कार्लग्रेन यांचा दबदबा मोठा, आणि तो रास्तही आहे. पण वांग यांचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, याची मला खंत वाटते. तशीच पुण्याचे पाली अभ्यासक पु. वि. बापट यांच्याबद्दलही. ‘समंतपासादिका’ या पाली विनयटीकेच्या चिनी रूपाचं त्यांनी जपानी अभ्यासक हिराकावांसोबत केलेलं भाषांतर 1970 साली भांडारकर संस्थेने छापलं. पाली आणि चिनी पाठ शेजारी ठेवून वाचणारा मराठी अभ्यासक त्यांच्यानंतर क्वचितच दिसतो.