चमचा कुणाच्या हातात?

बेंगळुरूतल्या नोकरदार मराठी घरांत बाळाच्या खाण्याचा प्रश्न नेमका सहाव्या महिन्यात उभा राहतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली आणि आईच्या दुधाबरोबर वरचं अन्न सुरू करायचं तेही सहा महिने पूर्ण झाल्यावर. म्हणजे आई कामावर रुजू होते त्याच सुमाराला वाटी-चमचा निघतो आणि तो पुण्या-नाशिकहून आलेल्या आजीच्या, सांभाळणाऱ्या बाईंच्या किंवा पाळणाघरातल्या ताईंच्या हाती जातो. संध्याकाळी आईला दाखवायला रिकामी वाटी हाच त्यांच्याकडचा पुरावा असतो, त्यामुळे भरवणं वेगानं आणि नेटानं चालतं. दोन-अडीच वर्षांनी प्लेस्कूलवाले विचारतात, मूल स्वतःच्या हातानं खातं का? तेव्हा कुठे चमच्याची शिकवणी सुरू होते. हा उशीर आळसापोटी होत नाही, काही घट्ट समजुतींपोटी होतो.

पहिली समजूत अशी की तीन वर्षांच्या आत मुलाला चमचा जमतच नाही. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेनं २०२२ मध्ये सुधारलेल्या विकासाच्या टप्प्यांत दीड वर्षाचं मूल चमचा वापरून पाहतं, दोन वर्षांचं चमच्यानं खातं आणि काटा तिसऱ्या वर्षापर्यंत जमतो असं म्हटलं आहे. त्या वयाच्या किमान ७५ टक्के मुलांना जे येतं तेच या यादीत घेतलं आहे, म्हणजे ही हुशार मुलांची यादी नव्हे. मात्र ‘वापरून पाहणं’ आणि ‘जमणं’ यांच्यात महिनोन्‌महिने जातात. मॅकार्टी, क्लिफ्टन आणि कोलार्ड या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अन्न भरलेला चमचा कधी उजवीकडे, कधी डावीकडे दांडा करून बाळांपुढे ठेवला. नऊ महिन्यांची बाळं आपल्या आवडत्या हातानं कसाही उचलायची आणि पुष्कळदा दांडाच तोंडात घालायची. चौदा महिन्यांची मुलं चूक वाटेत दुरुस्त करत. एकोणीस महिन्यांची मुलं मात्र उचलण्याआधीच कुठला हात पुढे करायचा हे ठरवत. चमचा हे असं पुढचा विचार करायचं काम आहे, आणि ते पाहून नाही तर हात चालवूनच येतं. नऊ महिन्यांच्या बाळानं दांडा चोखला म्हणून चमचा काढून घेणं हे म्हणूनच चुकीचं.

याच्या उलट बाजूची समजूत शहरात जास्त दिसते. हातानं खाणं मागासलेलं, चमचा म्हणजे शिस्त. वस्तुस्थिती अशी की हात हीच चमच्याची पहिली इयत्ता आहे. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कण धरणं साधारण नऊ ते बारा महिन्यांत येतं. मऊ इडलीचा तुकडा, वाफवलेल्या गाजराची फोड, नाचणीच्या मुद्देचा छोटा गोळा यांवर ही चिमूट तयार होते. चमच्याची खरी अडचण मनगटात आहे. तोंडाशी नेताना तो कलंडतो आणि पातळ सांबार वाटेतच सांडतं. म्हणून सुरुवात चमच्याला चिकटणाऱ्या पदार्थांनी करावी. घट्ट दहीभात, नाचणीची दाट खीर, तिखट न घातलेला बिसी बेळे भात, गुरगुट्या भात. आखूड, जाड दांड्याचा चमचा आणि जड बुडाची वाटी एवढंच सामान पुरतं. एक चमचा मुलाच्या हाती, एक मोठ्यांच्या हाती हा उत्तम मधला मार्ग. (दर्शिनी उपाहारगृहांत इडली-वड्याबरोबर दोन चमचे देणाऱ्या शहराला हे सांगायला नको.) मूल डाव्या हातानं खात असेल तर खाऊ द्यावं. कुठला हात पुढे राहणार हे अजून पक्कं व्हायचं असतं, आणि हात बदलायला लावून हाती काही लागत नाही.

‘घास अडकेल’ ही भीती सगळ्यांत रास्त आहे. पण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. उबळ येऊन, आवाज करत, लाल होत घास पुढे ढकलणं हे बाळाचं संरक्षण आहे. सहा-सात महिन्यांत ती उबळ जिभेच्या पुढच्या भागापासूनच सुटते, म्हणून वारंवार दिसते. श्वास अडकलेलं मूल मात्र गप्प असतं, त्याला खोकता किंवा रडता येत नाही. न्यूझीलंडमधल्या २०६ बाळांच्या २०१६ सालच्या अभ्यासात स्वतः खाणाऱ्या आणि चमच्यानं भरवलेल्या बाळांत घास अडकण्याचं प्रमाण वेगळं आढळलं नाही. अर्थात, कुठले पदार्थ धोक्याचे हे त्या पालकांना आधी नीट शिकवलं होतं. आपल्याकडे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं ही त्या यादीतली ठळक नावं. खाताना मूल बसलेलं हवं आणि मोठं माणूस समोर हवं. पळत्या मुलाच्या मागे घास घेऊन धावणं हा स्वतः खाण्यापेक्षा मोठा धोका आहे.

‘स्वतः खाल्लं तर पोट भरत नाही’ हा मात्र सगळ्या वादाचा गाभा. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं, म्हणजे सहाएक किलोंनी वाढतं. दुसऱ्या वर्षात ही वाढ दोन-अडीच किलोंवर येते. भूक त्या मानानं कमी होणारच. घरच्यांना ती खाण्याची टाळाटाळ वाटते आणि मोबाइल समोर येतो. दोन वर्षांखाली पडदा नकोच, असं भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची मार्गदर्शक सूचना सांगते. पडद्याकडे डोळे लावलेल्या मुलाला आपलं पोट भरल्याचं कळण्याची सवय कशी लागणार? दडपणही उपयोगी पडत नाही. २००६ मध्ये अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांवर झालेल्या एका लहानशा प्रयोगात, ‘सूप संपव’ असा आग्रह नसताना मुलांनी आग्रह असतानापेक्षा जास्त सूप घेतलं.

यावर आक्षेप येतो की हे सुखवस्तू देशांचं झालं, आपल्याकडे मुलं आधीच कमी खातात. आक्षेपात तथ्य आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ६ ते २३ महिन्यांच्या केवळ ११ टक्के बालकांना पुरेसा आहार मिळत असल्याचं दिसलं. पण ही उणीव जेवणांच्या वारंवारतेची आणि विविधतेची आहे, आणि ती भरून काढणं मोठ्यांच्याच हातात आहे. काय आणि कधी द्यायचं हे मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं हे मुलानं. नलगोंडा जिल्ह्यातल्या ६० गावांत हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बाळाच्या खुणा ओळखून भरवायला आणि त्याच्याशी खेळायला शिकलेल्या आयांची बाळं १५ महिन्यांची झाली तेव्हा मानसिक विकासाच्या गुणांत पुढे होती. सुखवस्तूंचं सोडा, हे तर आपल्याच खेड्यांतलं आहे. शहरातल्या अनेक मुलांची भूक खरं तर जेवणाआधीच्या दुधानं मारलेली असते.

पसाऱ्याबद्दल एवढंच: आयोवा विद्यापीठातल्या एका अभ्यासात सोळा महिन्यांची जी मुलं खाताना पदार्थ चिवडत, त्यांना त्या पदार्थांची नावं चांगली कळली. खाली जुनी चादर अंथरावी, काम होतं.

दोन वर्षं होऊनही मूल चमच्याला हात लावत नसेल, गुठळी असलेला प्रत्येक घास बाहेर काढत असेल किंवा वजनाची रेषा खाली वळली असेल, तर शिकवणी वाढवू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.